वाचकांचे प्रश्न : लॅटिन चौरस चौकटीत बसत नाही तेव्हा

गेल्या अंकात लॅटिन चौरसावर लेख होता. जितक्या ओळी तितके रकाने, तितकीच चिन्हं. प्रत्येक चिन्ह प्रत्येक ओळीत एकदाच आणि प्रत्येक रकान्यात एकदाच. त्यानंतर आलेल्या पत्रांचा सूर बहुतेक एकच आहे: व्याख्या देखणी, पण आमच्या रानात, शाळेत, गोठ्यात ती तंतोतंत बसत नाही. बसत नाहीच, म्हणून तर या चौरसाचे इतके प्रकार पुढे निघाले. दर वेळी ठरवायचं एवढंच, की कोणती अट सैल करायची आणि कोणती काही झालं तरी सोडायची नाही. निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : सोयाबीनचे ७ वाण तपासायचे आहेत. रान नाल्याकडे उतरतं. वर मुरमाड, मधे मध्यम, खाली भारी काळी. उतारावर तीनच पट्टे बसतात. शिवाय एका बाजूच्या बांधावर बाभळी आहेत. ७ × ७ चे ४९ वाफे परवडत नाहीत. काय करावं?
– कृषी पदव्युत्तर विद्यार्थी, परभणी

उत्तर : बाभळी नसत्या तर तीन गटांची साधी आरबीडी (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन: प्रत्येक गटात सगळे वाण, क्रम चिठ्ठ्यांनी) पुरली असती. पण फरक दोन दिशांनी आहे: उताराचा एक आणि बांधाच्या सावलीचा दुसरा. अशा वेळी यूडेन चौरस वापरा. डब्ल्यू. जे. यूडेन यांनी तंबाखूच्या मोझॅक विषाणूवर काम करताना १९३७ मध्ये ही रचना मांडली. ओळीत सगळे वाण येतात, रकान्यात मात्र मोजकेच. पण कोणतेही दोन वाण एकाच रकान्यात सारख्याच वेळा भेटतात. ही भेटीची अट सोडायची नाही.

७ वाण, ३ पट्टे, २१ वाफे (ओळ म्हणजे उतारावरचा पट्टा, रकाना म्हणजे बांधापासूनचं अंतर):

१ २ ३ ४ ५ ६ ७
२ ३ ४ ५ ६ ७ १
४ ५ ६ ७ १ २ ३

पहिला रकाना १, २, ४ असा आहे. बाकीचे रकाने त्यात एकेक मिळवून येतात आणि ७ नंतर पुन्हा १. कोणतीही जोडी घ्या, ती नेमक्या एका रकान्यात सापडेल. अनेक जण इथे सोपं म्हणून १, २, ३ ने सुरुवात करतात. मग १ आणि २ दोन रकान्यांत भेटतात, १ आणि ४ एकदाही भेटत नाहीत. अशा मांडणीत काही वाणांची तुलना पक्की होते आणि काहींची कच्ची. १, २, ४ चालतं, कारण त्यांच्यातले फरक ७ च्या चक्रात मोजले तर १ ते ६ प्रत्येकी एकदाच येतात.

शेतात उतरण्यापूर्वी तीन गोष्टी चिठ्ठ्या टाकून ठरवा: ओळींचा क्रम, रकान्यांचा क्रम आणि कोणत्या वाणाला कोणता आकडा. एकेका रकान्याच्या आत वेगवेगळी अदलाबदल मात्र करू नका. त्यात ओळ मोडते.

वाफा ४५ सेंमीच्या ८ ओळींचा आणि ५ मीटर लांब धरला, तर कडेची एकेक ओळ आणि दोन्ही टोकांचा अर्धा मीटर सोडून निव्वळ वाफा २.७ × ४ = १०.८ चौ. मी. राहतो. हेक्टरी करायला ९२५.९ ने गुणा, २.१ किलो म्हणजे हेक्टरी साधारण १९.४ क्विंटल.

हिशेबात सर्वांत मोठी चूक होते ती वाणांच्या नुसत्या सरासऱ्या लावण्याची. प्रत्येक वाण तीनच रकान्यांत आहे आणि ते रकाने सारखे नाहीत. म्हणून वाणाच्या बेरजेतून त्याच्या तीन रकान्यांच्या बेरजांचा एक तृतीयांश वजा करा, आलेल्या उत्तराला ३/७ ने गुणा, तो त्या वाणाचा परिणाम. त्यात एकूण सरासरी मिळवली की दुरुस्त सरासरी मिळते. ओळी पूर्ण असल्यामुळे त्यांच्यासाठी अशी दुरुस्ती लागत नाही.

किंमत काय मोजावी लागते? २० डिग्री ऑफ फ्रीडममधून (म्हणजे स्वतंत्र तुलना, वाफ्यांपेक्षा एक कमी) ओळींच्या २, रकान्यांच्या ६, वाणांच्या ६ गेल्या की त्रुटीला, म्हणजे योगायोगाचा चढउतार मोजायला, ६ च उरतात. हे कमी आहे. चौथा पट्टा कसाबसा बसत असेल तर बसवाच: पहिला रकाना ३, ५, ६, ७ घ्या आणि तसंच फिरवत जा. २८ वाफ्यांत प्रत्येक जोडी दोनदा भेटते आणि त्रुटीच्या डिग्री ऑफ फ्रीडम १२ होतात. सात वाफे वाढवून दुप्पट मिळतंय. पूर्ण रकान्यांच्या तुलनेतली कार्यक्षमताही ७/९ वरून ७/८ वर जाते.

प्रश्न : तुरीच्या ४ वाणांचा ४ × ४ प्रयोग होता. काढणीआधी एक वाफा रोह्यांनी साफ केला. तिथे शून्य लिहू की सरासरी?
– कृषी सहायक, कळमनुरी

उत्तर : दोन्ही नको. शून्य लिहिलं तर रोह्यांचा दोष वाणाच्या माथी बसतो. सरासरी लिहिली तर तो वाफा कोणत्या ओळीतला, कोणत्या रकान्यातला हे विसरल्यासारखं होतं. हरवलेल्या वाफ्यासाठी संख्याशास्त्रज्ञ येट्स यांचं सूत्र आहे: ओळीतल्या उरलेल्यांची बेरीज, रकान्यातल्या उरलेल्यांची बेरीज आणि त्याच वाणाच्या उरलेल्या वाफ्यांची बेरीज या तिन्ही मिळवून वाणांच्या संख्येने गुणा, त्यातून एकूण बेरजेची दुप्पट वजा करा आणि (वाण − १) × (वाण − २) ने भागा.

समजा ओळीतल्या तीन वाफ्यांची बेरीज ३०.६ किलो, रकान्यातल्या तिन्हींची २८.५, त्या वाणाच्या तिन्हींची ३३.० आणि पंधराही वाफ्यांची १५६.३ आहे. तर ४ × ९२.१ = ३६८.४, वजा ३१२.६ = ५५.८; भागिले ६ = ९.३ किलो.

ताळा करून पाहा. ९.३ भरल्यावर ओळीची सरासरी ९.९७५, रकान्याची ९.४५, वाणाची १०.५७५ आणि एकूण सरासरी १०.३५ येते. पहिल्या तिन्हींची बेरीज वजा एकूण सरासरीची दुप्पट = ९.३. आकडा जुळला नाही तर कुठेतरी बेरीज चुकली आहे.

यापुढची पायरी बहुतेक अहवालांत गाळलेली दिसते. भरलेला आकडा ही नवी माहिती नव्हे. म्हणून एकूण डिग्री ऑफ फ्रीडम १५ ऐवजी १४ आणि त्रुटीच्या ६ ऐवजी ५ धरा. वाणांची वर्गबेरीजही (वाणांमधल्या फरकांच्या वर्गांची बेरीज) थोडी फुगते. एकूण बेरजेतून ओळ, रकाना आणि वाणाच्या बेरजेची तिप्पट वजा करा: १५६.३ − ३०.६ − २८.५ − ९९ = −१.८. त्याचा वर्ग ३.२४, भागिले ३६ = ०.०९. एवढं वाणांच्या वर्गबेरजेतून कमी करायचं.

वाण उगवलाच नाही म्हणून वाफा रिकामा असेल, तर गोष्ट वेगळी. ते शून्य खरं आहे, ते तसंच ठेवायचं.

आणि नाल्याच्या पुरात खालचा अख्खा पट्टाच गेला तर? तर सूत्र बाजूला ठेवा. चौरसातून एक ओळ काढली की उरतो तो ३ × ४ चा यूडेन चौरसच. त्यात प्रत्येक जोडी दोनदा भेटते. पहिल्या उत्तरातली रकान्यांची दुरुस्ती इथे तशीच चालते, फक्त गुणक ३/८ घ्या. त्रुटीच्या डिग्री ऑफ फ्रीडम मात्र ३ च उरतील, तेव्हा निष्कर्ष जपून काढा.

प्रश्न : वेळापत्रक करताना जितके वर्ग तितके शिक्षक, तितक्याच तासिका, आणि प्रत्येकाने प्रत्येक वर्गावर एकदा जायचं असं ठरवलं. निम्मं वेळापत्रक बिनचूक भरलं आणि पुढे अडलं. सुरुवातीलाच कळू शकतं का, की हे पुरं होणार नाही?
– मुख्याध्यापक, सेलू

उत्तर : कुठून भरायला घेतलं यावर ते अवलंबून आहे. एकेक तासिका सगळ्या वर्गांसाठी पूर्ण भरत गेलात, तर कधीच अडणार नाही. पुऱ्या भरलेल्या ओळींचा असा लॅटिन आयत नेहमी चौरसापर्यंत नेता येतो, हे मार्शल हॉल यांनी १९४५ मध्ये सिद्ध केलं. भरताना हात अडतो, पण तो आधीच्या ओळींमुळे नव्हे, चालू ओळीतल्या निवडीमुळे.

उदाहरण पाहा. ५ वर्ग, ५ शिक्षक, दोन तासिका भरल्या:

१ २ ३ ४ ५
२ १ ४ ५ ३

तिसऱ्या तासिकेत डावीकडून ३, ४, १, २ असं भरत आलात. शेवटच्या वर्गाला १, २ किंवा ४ च चालतात. ते तिन्ही लागले आणि हातात उरला ५, जो तिथे आधीच येऊन गेला आहे. खोडायची गरज नाही. शेवटच्या वर्गाला ४ द्या. त्याची दुसऱ्या वर्गातली जागा मोकळी झाली, तिथे ५ चालतो. ओळ झाली ३, ५, १, २, ४. कधी अशी साखळी तीन-चार खान्यांपर्यंत जाते, पण पूर्ण ओळींच्या बाबतीत ती कुठेतरी सुटतेच. पुढच्या दोन ओळी ४, ३, ५, १, २ आणि ५, ४, २, ३, १.

अडचण येते ती काही वर्गांचंच वेळापत्रक आधी पक्कं केल्यावर. दहावी-नववीचं आधी उरकून घ्यायची सवय असते ना, ते हेच. ४ वर्ग, ४ शिक्षक, आणि दोन वर्गांच्या पहिल्या तीन तासिका अशा भरल्या:

१ २
२ ३
३ १

चूक दिसत नाही. पण शिक्षक ४ या तिन्ही तासिकांना उरलेल्या दोन वर्गांतच असायला हवेत; तीन तासिका, दोन वर्ग, म्हणजे एका वर्गावर ते दोनदा जाणार. गेलं वेळापत्रक. याची कसोटी रायसर यांनी १९५१ मध्ये दिली: भरलेल्या ओळी अधिक भरलेले रकाने वजा चौरसाचा आकार, प्रत्येक शिक्षक भरलेल्या भागात निदान तितक्या वेळा आलेला हवा. इथे ३ + २ − ४ = १, आणि शिक्षक ४ एकदाही आलेले नाहीत. कसोटी पाळली असेल तर चौरस पुरा होतोच, त्यामुळे पुढे डोळे झाकून जायला हरकत नाही.

खाने विखुरलेले असतील तर अशी सोपी कसोटी नाही. चौरसाच्या आकारापेक्षा एक कमी इतकेच खाने भरलेले असतील आणि आपसांत टक्कर नसेल, तर तो नक्की पुरा होतो. इव्हान्स यांचा हा १९६० चा तर्क १९८१ मध्ये स्मेटानियुक यांनी सिद्ध केला. एक खाना वाढला की हमी संपते: ४ × ४ मध्ये पहिल्या ओळीत १, २, ३ लिहा आणि चौथ्या रकान्यात खाली कुठेही ४ लिहा, पहिल्या ओळीचा शेवटचा खाना कशानेही भरत नाही. त्यापुढचा सर्वसाधारण प्रश्न कोलबर्न यांनी १९८४ मध्ये दाखवल्याप्रमाणे एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे आकार वाढला की तो झटपट सोडवायची रीत कुणाला माहीत नाही. थोडक्यात, सुट्टी मागणाऱ्या शिक्षकांच्या जागा चार-दोन असतील तर आधी त्या लिहा, मग तासिका आडव्या भरा. दोन वर्ग उभे आधी भरू नका.

प्रश्न : देवणी गायींवर चार प्रकारच्या आहाराचा प्रयोग करायचा आहे. प्रत्येक गायीला चारही आहार पाळीपाळीने द्यायचे. आधीच्या आहाराचा परिणाम पुढच्या पाळीत उतरला तर?
– पशुवैद्यक पदवीधर, उदगीर

उत्तर : उतरतोच. सरकी पेंड बंद केली म्हणून दूध दुसऱ्या दिवशी खाली येत नाही. नेहमीचा फिरता चौरस, अबकड, बकडअ, कडअब, डअबक, इथे सर्वांत वाईट. त्यात अ नंतर ब तीनदा येतो आणि क नंतर ब एकदाही नाही. म्हणजे ब चा आकडा खरं तर ‘अ च्या पाठोपाठचा ब’ असतो. विल्यम्स यांनी १९४९ मध्ये दिलेली रचना घ्या:

पहिली गाय : अ ब ड क
दुसरी : ब क अ ड
तिसरी : क ड ब अ
चौथी : ड अ क ब

गाय ही ओळ, पाळी हा रकाना. लॅटिन चौरस तर आहेच, शिवाय प्रत्येक आहारानंतर दुसरा प्रत्येक आहार नेमका एकदा येतो. बाराही क्रम मोजून घ्या. पहिल्या ओळीची युक्ती अशी: पहिला, दुसरा, शेवटचा, तिसरा, शेवटून दुसरा, असं पुढून-मागून उचलत जायचं आणि बाकीच्या ओळी एकेक पुढे सरकवायच्या. सम संख्येला एवढ्यावर भागतं. आहार पाच असतील तर असा एकच चौरस अस्तित्वातच नाही. अबइकड या ओळीपासून एक आणि ती उलटी करून दुसरा, असे दोन चौरस म्हणजे दहा गायी लागतात. मग प्रत्येक क्रम दोनदा येतो. (इथे पाच आहार अ, ब, क, ड, इ या क्रमाने.)

पाळी २१ दिवसांची ठेवा: पहिले १४ दिवस सवयीचे, मोजमाप शेवटच्या ७ दिवसांचं. एकूण ८४ दिवस. चौरसाने वाहून आलेला परिणाम समतोल होतो, नाहीसा होत नाही. सवयीचे दिवस कापून पाळ्या आखूड करण्याचा मोह टाळा. वेत पुढे जाईल तसं दूध उतरतं, ते पाळीच्या रकान्यात जातं. पण त्यासाठी चारही गायी वेताच्या साधारण सारख्याच टप्प्यावर हव्यात. एक ताजी व्यालेली आणि एक आटत आलेली घेतली, तर उतार दोघींचा वेगळा आणि रकाना तो सांभाळू शकत नाही. आटणारी गाय प्रयोगात घेऊच नका. चौथ्या पाळीत ती गेली की क्रमांचा तोल बिघडतो.

प्रश्न : मोसंबीला नत्राच्या तीनच मात्रा द्यायच्या आहेत. ३ × ३ चौरसात काही हाती लागत नाही असं सांगतात. खरं आहे का?
– बागायतदार, जालना

उत्तर : खरं आहे. ३ × ३ मध्ये त्रुटीला डिग्री ऑफ फ्रीडम २ च उरतात. फरक प्रचंड असल्याशिवाय सिद्ध होत नाही. तुमची झाडं आधीच ओळी-रकान्यांत उभी आहेत, तेव्हा ६ × ६ झाडं घ्या आणि प्रत्येक मात्रा प्रत्येक ओळीत दोनदा, प्रत्येक रकान्यात दोनदा येऊ द्या. ‘एकदाच’ ही अट सोडून ‘ठरावीक वेळा’ केली की होतो तो वारंवारता चौरस. त्रुटीच्या डिग्री ऑफ फ्रीडम २५ − २ = २३. त्याच ३६ झाडांत ३ × ३ चे चार चौरस बसवले तर १४ मिळतात. बागेत जमीन जागोजागी बदलत असेल तर ते चार चौरस तरीही बरे, एकसारखी असेल तर ६ × ६.

करायला सोपा आहे: ६ चा लॅटिन चौरस लिहा, १ व ४ ला पहिली मात्रा, २ व ५ ला दुसरी, ३ व ६ ला तिसरी. फिरत्या चौरसावरून केलंत तर मात्रांचे तिरपे पट्टे दिसतील. पाणी तिरपं उतरत असेल तर घात. ओळी आणि रकाने चिठ्ठ्यांनी हलवल्याशिवाय वापरू नका. भोवती एकेक रांग राखीव सोडा, म्हणजे ८ × ८ मिळून ६४ झाडं लागतील. मुळं शेजारच्या आळ्यात जातात, त्यामुळे मधल्या झाडांतही थोडी सरमिसळ होणार हे गृहीत धरा.

प्रश्न : सुडोकू हा लॅटिन चौरसच ना? त्याचा शेतीशी काही संबंध आहे का?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : ९ × ९ चा लॅटिन चौरस अधिक ३ × ३ च्या पेट्यांची अट. ही कल्पना कोड्याच्या आधी शेतीप्रयोगांत आली. बेरेन्स यांनी १९५६ मध्ये अशा रचना मांडल्या. पेट्या चौकोनीच हव्यात असं नाही. शेतात एखादा चिबड तुकडा असेल तर त्याच्या आकाराची पेटी करता येते, फक्त प्रत्येक पेटीत खाने सारखे हवेत. ४ × ४ चे लॅटिन चौरस ५७६, त्यातले २ × २ पेट्यांची अट पाळणारे २८८, बरोबर निम्मे.

हिशेबातली एक खोच: ४ × ४ मध्ये पेट्या चार म्हणून त्यांच्या ३ डिग्री ऑफ फ्रीडम वजा करतात. पण वरच्या दोन पेट्या विरुद्ध खालच्या दोन हा फरक ओळींत आधीच धरलेला आहे, डाव्या-उजव्यांचा रकान्यांत. पेट्यांची नवी अशी १ च. म्हणून त्रुटीला ५ उरतात, ३ नव्हे.

प्रश्न : ३६ अधिकाऱ्यांचं कोडं सुटत नाही म्हणतात आणि नवीन बातम्यांत सुटलं म्हणतात. नक्की काय? आणि दोन चौरस एकमेकांवर कसे बसवायचे?
– बी.एस्सी. विद्यार्थी, नांदेड

उत्तर : दुसरा भाग आधी. दोन लॅटिन चौरस एकावर एक ठेवल्यावर प्रत्येक जोडी एकदाच आली, तर ते ऑर्थोगोनल, म्हणजे परस्पर लंब. ५ ला सोपं आहे: ओळी-रकान्यांना ० ते ४ क्रमांक द्या, एका चौरसात ओळ + रकाना लिहा, दुसऱ्यात ओळ + रकान्याची दुप्पट, दोन्ही ५ च्या चक्रात. ७ ला, ११ ला, प्रत्येक विषम मूळ संख्येला हेच चालतं.

४ ला हे करायला गेलात की फसता. दुप्पट करताच २ आणि ० एकच होतात, दुसरा चौरस लॅटिनच राहत नाही. बरं, दुसरा चौरस वेगळ्या रीतीने शोधू म्हटलं तरी ४ च्या फिरत्या चौरसाला जोडीदार मिळणं अशक्य आहे, आणि कारण दोन ओळींत सांगता येतं. जोडीदाराचं एक चिन्ह ज्या चार खान्यांत बसेल ते चारही वेगळ्या ओळींत, वेगळ्या रकान्यांत आणि वेगळ्या आकड्यांवर हवेत. त्यांच्या ओळींची बेरीज ०+१+२+३ = ६, रकान्यांची ६, आकड्यांचीही ६. पण आकडा म्हणजे ओळ + रकाना. म्हणून ४ च्या चक्रात ६ + ६ आणि ६ सारखे यायला हवेत. १२ मधून ० उरतो, ६ मधून २. झालं. कोणत्याही सम आकाराच्या फिरत्या चौरसाला हाच अडसर येतो. ४ साठी फिरता सोडून असा चौरस घ्या:

अ१ ब२ क३ ड४
ब३ अ४ ड१ क२
क४ ड३ अ२ ब१
ड२ क१ ब४ अ३

आता कोडं. सहा पलटणी, सहा हुद्दे, ३६ अधिकारी. ६ × ६ मध्ये असे उभे करा की प्रत्येक ओळीत-रकान्यात प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच. ऑयलर यांनी १७८२ मध्ये हे जमत नाही असं म्हटलं आणि ६, १०, १४, १८ अशा सर्व संख्यांना जमणार नाही असा तर्क केला. ६ बद्दल ते बरोबर होते. गास्तों तारी यांनी १९०० च्या सुमारास सगळ्या शक्यता हाताने तपासून ते दाखवलं. बाकीच्यांबद्दल चुकले. १९५९ मध्ये राजचंद्र बोस आणि शरदचंद्र श्रीखंडे यांनी २२ ची जोडी बांधली, पार्कर यांनी १० ची, आणि तिघांनी मिळून दाखवलं की २ आणि ६ वगळता प्रत्येक आकाराला जोडी आहे. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले. १९१७ मध्ये सागर इथे जन्मलेले हे गणिती २०२० मध्ये, १०२ व्या वर्षी गेले. ऑयलर यांच्या पावणेदोनशे वर्षांच्या तर्काला सुरुंग लावणाऱ्यांत एक मराठी नाव आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवं. १० साठी परस्पर लंब असे तीन चौरस आहेत का, हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

बातमी आली ती वेगळ्या कोड्याची. २०२२ मध्ये आयआयटी मद्रास आणि पोलंडमधल्या संशोधकांनी खान्यात एकच अधिकारी ठेवण्याऐवजी अनेक अधिकाऱ्यांची क्वांटम सरमिसळ ठेवायची मुभा घेतली आणि ६ ला उत्तर मिळवलं. तारींचा निकाल त्याने खोटा ठरत नाही; अट सैल केली, म्हणून उत्तर आलं.

प्रश्न : पावडर कोटिंगमध्ये ओव्हनचं तापमान, वेळ, गनचं व्होल्टेज आणि जॉबपासूनचं (रंगवायच्या वस्तूपासूनचं) अंतर, प्रत्येकाच्या तीन पातळ्या. ८१ चाचण्यांऐवजी ९ त भागतं असं प्रशिक्षणात सांगितलं. विश्वास ठेवावा का?
– क्वालिटी विभाग, वाळूज

उत्तर : अर्धा. ही नऊ चाचण्यांची मांडणी म्हणजे ३ × ३ चे दोन परस्पर लंब चौरस उलगडून लिहिलेले: ओळ, रकाना, पहिल्या चौरसाचा आकडा, दुसऱ्याचा आकडा.

प्रत्येक चाचणीचे चार आकडे असे वाचा: ११११, १२२२, १३३३, २१२३, २२३१, २३१२, ३१३२, ३२१३, ३३२१.

कोणतेही दोन रकाने घेतले तरी नऊही जोड्या एकेकदा येतात. सी. आर. राव यांनी १९४० च्या दशकात ज्या ऑर्थोगोनल अ‍ॅरेंचा पाया घातला त्यातला हा एक लहान नमुना. कारखान्यात तो एल-९ म्हणून ओळखला जातो.

पण ९ निरीक्षणांच्या ८ डिग्री ऑफ फ्रीडम चार घटकांत प्रत्येकी २ प्रमाणे संपतात. त्रुटी मोजायला काहीच उरत नाही, म्हणून प्रत्येक चाचणीचे निदान तीन जॉब करा, आणि तेही ओव्हन पुन्हा सेट करून; एकाच बॅचमधले तीन जॉब म्हणजे तीन चाचण्या नव्हेत. दुसरी अडचण मोठी आहे. तापमान आणि वेळ स्वतंत्र नाहीत. तापमान वाढलं तर कमी वेळात पावडर पिकते आणि जास्त वेळ ठेवली तर रंग जळतो. हा एकत्र परिणाम एल-९ मध्ये तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यात जाऊन बसतो, म्हणजे तुम्ही तो व्होल्टेज आणि अंतराच्या नावावर लिहिता. तुमच्या घटकांसाठी २७ चाचण्यांची १३ रकान्यांची मांडणी घ्या: तापमान पहिल्या रकान्यात, वेळ दुसऱ्यात, तिसरा आणि चौथा रिकामे, व्होल्टेज आणि अंतर त्यापुढच्या रकान्यांत. तेवढं परवडत नसेल तर व्होल्टेज-अंतर कायम ठेवून तापमान आणि वेळेचेच नऊ संयोग करा. कोणतीही मांडणी घेतली तरी जो संयोग उत्तम निघेल तो बहुधा केलेल्या चाचण्यांत नसतोच. तो प्रत्यक्ष चालवून जाडी आणि चिकटपणा मोजल्याशिवाय लाइनवर सेटिंग बदलू नका.